ट्रेलसाठी जुनी टू-स्ट्रोक घेताय? आधी इंजिनाला हात लावून बघा

काल रात्री साडेअकराला मामेभावाचा मेसेज आला. चार फोटो आणि खाली एकच ओळ, "दादा, घेऊ का?" फोटोत एक १२५ सीसीची मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या बंद ट्रॅकवर रेस लावायची बाईक, प्लास्टिकं नवीकोरी, स्टिकर चकाचक, सीट कव्हर नवं, चेनसुद्धा सोनेरी. मॉडेल अठरा वर्षं जुनं आणि फोटोत मात्र गाडी कालच खोक्यातून काढल्यासारखी. मी त्याला लिहिलं थांब, घाई करू नको, उद्या सगळं नीट सांगतो, कारण अशीच एक बाईक मी नऊ वर्षांपूर्वी फोटो बघून पसंत केली होती आणि चौथ्या राईडला तिचं इंजिन पकडलं होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. त्याला सांगायचंय तेच इथे लिहितोय, अजून कुणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी, ट्रेल म्हणजे मोटोक्रॉस नाही हे डोक्यात पक्कं बसवा. ट्रेलवर, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटेवर, तुम्ही बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असता, ओले दगड, झाडांची मुळं, चढावर मध्येच थांबलात की तिथूनच परत उठवायची गाडी. मोटोक्रॉसची १२५ बनवलेली असते ती फुल रेसवर उड्या मारायला, तिची सगळी ताकद वरच्या आरपीएमला असते आणि खाली जवळजवळ काहीच नसतं. याचं कारण त्या फुगीर एक्झॉस्ट पाईपमध्ये आहे. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं भोक) आणि ताजं मिश्रण आत आणणारे पोर्ट काही क्षण एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल सरळ बाहेर पळतं, आणि पाईपच्या मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत येणारी दाबाची लाट ते पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पण ही लाट वेळेवर परत येते ती ठराविक आरपीएमलाच. त्या आरपीएमला बाईक एकदम "पाईपवर येते" आणि हातातून सुटल्यासारखी पळते, त्याच्या खाली मात्र ती नुसती बडबड करते. रेसवाल्या बाईकचा हा पट्टा वर आणि अरुंद ठेवलेला असतो, एन्ड्युरो किंवा ट्रेलसाठी बनवलेल्या बाईकचा खाली आणि रुंद.

म्हणून माझं सरळ मत, ट्रेलसाठी पहिली टू-स्ट्रोक घेताना २०० च्या आसपासची एन्ड्युरो बघा, १२५ मोटोक्रॉस नाही. अंगाने ती १२५ एवढीच असते, वजन शंभर किलोच्या आसपास, पण इंजिन दीडपट. पडली तर एकट्याने उचलता येते, आणि चढावर हाफ क्लच मारत मारत क्लच प्लेटा जाळायची वेळ येत नाही.

नावं घ्यायची तर कावासाकी केडीएक्स २००. १९८३ ते २००६ अशी तब्बल तेवीस वर्षं ही बाईक बनत होती, १९८९ पासून वॉटर कूल्ड झाली. सस्पेन्शन मऊ, आजच्या मानाने जराशी जड, पण इंजिन इतकं समजूतदार की नवशिक्याला घाबरवत नाही आणि जाणत्याला कंटाळा आणत नाही. तिचीच मोठी बहीण केडीएक्स २२०, खाली अजून थोडी दमदार. दुसरी केटीएमची २००, ईएक्ससी किंवा एक्ससी-डब्ल्यू, १९९८ ते २०१६. ६४ मिमी बोअर, ६० मिमी स्ट्रोक, १९३ सीसी, आणि हे सगळं १२५ च्याच छोट्या केसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) बसवलेलं. मागचा शॉक थेट स्विंगआर्मला लावलेला, लिंकेज (मधले जोडणारे सांधे) नाही, म्हणजे लिंकेजची बेअरिंगं खराब व्हायची भानगडच नाही. शेवटच्या काही वर्षांत बटण स्टार्टसुद्धा आला, चढावर बंद पडलेली गाडी एका पायावर तोल सांभाळत किक मारून चालू केली असेल त्यालाच त्या बटणाची किंमत कळेल. २०१७ ला तिच्या जागी १५० आली, तीही छान आहे, फक्त रेस थोडी जास्त द्यावी लागते.

१२५ च पाहिजे असेल तर यामाहा वायझेड १२५ घ्या, एवढ्याचसाठी की २००५ पासून २०२१ पर्यंत तिचं इंजिन फारसं बदललं नाही, त्यामुळे पिस्टन, गॅस्केट, सील काहीही शोधायला गेलात की सापडतं. होंडाची सीआर १२५ चालवायला अप्रतिम पण २००७ च्या मॉडेलनंतर बंद झाली, पार्ट शोधायची तयारी असेल तरच. आणि मोटोक्रॉस १२५ ट्रेलवर चालतच नाही असंही नाही, पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान करा किंवा मागचं दोन-तीन दात मोठं, फ्लायव्हीलला (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाला) वजन लावा म्हणजे कमी रेसवर चटकन बंद पडत नाही, मागचं १९ इंची चाक काढून १८ इंची टाका म्हणजे टायरची भिंत उंच मिळते आणि दगडावर ट्यूब चिमटत नाही. पण हे सगळं करायचं म्हणजे वेळ आणि पैसा, आणि एन्ड्युरो बाईकमध्ये यातलं बरंचसं आधीपासूनच असतं. अजून एक, बऱ्याच मोटोक्रॉस बाईकमध्ये लाईटसाठी वेगळी कॉईलच नसते, नुसता हेडलाईट आणून लावला की पेटेल असं समजू नका.

उंची कमी असेल तर ८५ चं बिग व्हील मॉडेल, म्हणजे चाकं पुढे १९ मागे १६ इंची, खरंच वाईट नाही. मोठ्या माणसाला चालतं, फक्त तीही रेसचीच जात आहे, खाली दम नाही.

आता बाईक बघायला जाण्याबद्दल, आणि खरं सांगायचं तर मॉडेलपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं. वीस वर्षं जुन्या बाईकमध्ये कंपनी कुठली यापेक्षा आधीच्या मालकाने तिला कसं वागवलं यावर सगळं ठरतं. फोनवरच सांगून ठेवायचं, "मी येईपर्यंत चालू करू नका, थंड इंजिन बघायचंय." आणि गेल्या गेल्या हॅलो म्हणायच्या आधी हात सिलिंडरवर. गरम लागलं तर समजायचं की थंड असताना ही लवकर चालू होत नाही म्हणून आधीच चालू करून ठेवलीय. असू शकतं की त्या माणसाचा हेतू वाईट नसेल, गाडी जवळपास हलवली असेल, पण मग तासभर थांबायचं किंवा परत यायचं. थंड टू-स्ट्रोक चोक ओढून दोन-चार किकमध्ये उठली पाहिजे. वीस किका मारून, प्लग काढून, पेट्रोल झटकून मग उठणार असेल तर कुठेतरी कॉम्प्रेशन गेलंय नाहीतर कार्ब (कार्ब्युरेटर) भरलाय.

किक मारायच्या आधी किकवर उभे राहा, हळूच वजन टाका. किकने तुम्हाला पेललं पाहिजे आणि मग नाईलाजाने खाली गेलं पाहिजे. सरळ बसली खाली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

चालू झाल्यावर लगेच रेस देणारा मालक असेल तर ते मनात नोंदवून ठेवा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो लवकर तापतो आणि फुगतो, सिलिंडर अजून थंड आणि घट्ट असतो, त्यात पिस्टन चार कोपऱ्यांवर घासला जातो. रोज असं करणाऱ्याने आतमध्ये काय करून ठेवलं असेल याचा अंदाज त्या दोन मिनिटांत येतो. मी तर काही न बोलता तो कसा चालू करतो तेच बघत उभा राहतो.

मग गरम होऊ द्या, आणि आयडलवर कान द्या. रेस देऊन सोडली की आरपीएम पटकन खाली आला पाहिजे. सोडल्यावरही वरतीच रेंगाळत असेल, हळूहळू खाली येत असेल, तर कुठूनतरी हवा आत शिरतेय, म्हणजे मिश्रण पातळ होतंय (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणजे इंजिन एक दिवस पकडणार. माझ्या १२५ चं हेच झालं होतं. ती रेंगाळायची आणि मला वाटायचं वा काय फ्री फिरतंय इंजिन. गाडी तीन-चार वर्षं शेडमध्ये नुसती उभी होती, क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) रबरी सील वाळून कडक झाले होते, डाव्या बाजूच्या, म्हणजे मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या सीलमधून हवा ओढली जात होती. हे ओळखायची सोपी युक्ती नंतर कळली, आयडलवर असताना सिलिंडरच्या खालच्या गॅस्केटपाशी आणि कार्बच्या रबरी बूटपाशी कार्ब क्लीनरचा फवारा हलकेच मारायचा, तापलेला पाईप सांभाळून, कारण तो पेट घेतो. मॅग्नेटचं कव्हर काढायला मालक तयार असेल तर तिथेही. आवाज बदलला की हवा तिथूनच शिरतेय. एक डबा आणि दोन मिनिटं लागली असती, आणि माझ्या खिशात तो डबा नव्हता.

उजव्या बाजूचा सील गेला तर प्रकार वेगळा असतो, तिकडे क्लच आणि गिअर ऑईल असतं, ते इंजिनात ओढलं जातं, गरम झाल्यावरही धूर कमी होत नाही, जळक्या गिअर ऑईलचा वास येतो आणि ऑईलची पातळी आपोआप कमी होत जाते. टू-स्ट्रोक धूर करणारच, थंड असताना तर करणारच, त्याला घाबरू नका, पण चांगली गरम होऊनही ढग सोडत असेल तर विचारा. गिअर ऑईलचा बोल्ट ढिला करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ, राखाडी दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक वॉटर पंपाचा सील, तो फार महाग नाही पण भाव करताना मोजायचा. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडून ठेवायचं, आणि चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट, नाहीतर हेडच वाकलेलं.

आणि आता ती गोष्ट जी मी प्रत्येकाला करायला सांगतो आणि जी फार कमी लोक करतात. एक्झॉस्ट पाईप काढा. दोन स्प्रिंगा आणि एक-दोन बोल्ट, पाच मिनिटांचं काम, स्प्रिंग ओढायला एक आकडा घेऊन जा. पाईप बाजूला केला की समोर एक्झॉस्ट पोर्ट, मोबाईलचा टॉर्च लावा आणि किक हाताने हळूहळू दाबत पिस्टन वर-खाली करा. पिस्टनची बाजू दिसते, रिंगा दिसतात. चांगल्या पिस्टनवर राखाडी, रेशमी चमक असते आणि यंत्रावर घडवतानाच्या बारीक आडव्या रेघा अजून शाबूत असतात. उभे ओरखडे दिसले, नखाला लागतील असे, तर तो एकदा तरी पकडून सुटलाय. रिंगेच्या खालीसुद्धा तपकिरी-काळं झालं असेल तर ज्वाळा रिंगेला ओलांडून जातेय, रिंगांचं आयुष्य संपलं. मी माझ्या १२५ चं हेड उघडलं तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला सिलिंडरवर ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासलेलं होतं आणि रिंग खाचेत चिकटून बसली होती, बोटाने हलेना. सिलिंडरला आतून निकेलचा कडक लेप असतो, ॲल्युमिनियम निघालं पण त्याच्याखाली नखाएवढा लेपही गेला होता. असा सिलिंडर साधा बोअर करून मोठा पिस्टन टाकता येत नाही, परत लेप करून घ्यावा लागतो. जुन्या एअर कूल्डमध्ये बहुतेक लोखंडी स्लीव्ह असते, ती बोअर होते, तेवढ्यासाठी त्या गाड्या अजूनही परवडतात.

एखाद्याने पाईप काढू दिला नाही तर मी वाद घालत नाही, नमस्कार करून निघतो.

वरचं काम, म्हणजे पिस्टन, रिंगा, गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आणि तिचं बेअरिंग, हे टू-स्ट्रोकमध्ये घरी एका दुपारी होतं, हीच तर या इंजिनाची मजा आहे, फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. त्यामुळे "पिस्टन टाकायचा बाकी आहे" एवढ्यावरून बाईक सोडू नका, भाव कमी करा आणि घ्या. खालचं काम मात्र वेगळं. क्रँक आणि मोठं बेअरिंग बदलायचं तर अख्खं इंजिन उतरवून केस दोन भागांत उघडावी लागते. तपासायला मॅग्नेटचं कव्हर काढून फ्लायव्हील हाताने वर-खाली हलवा, जराही ठकठक लागता कामा नये. चालू असताना खालून खोल घरघर येत असेल तर ती क्रँकची. वरून येणारी हलकी खडखड वेगळी, ती बऱ्याचदा पिस्टनची असते.

पॉवर व्हॉल्वचं दोन शब्दांत सांगतो. एक्झॉस्ट पोर्टची उंची आरपीएमप्रमाणे बदलणारी ती झडप असते, यामाहा वायपीव्हीएस म्हणते, कावासाकी किप्स. काजळी साचून ती अडकते. बंद अडकली तर बाईक वर पळत नाही, उघडी अडकली तर खाली दम नाही, आणि लोक उगाच कार्बच्या जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसतात.

बाकी गाडी. मागचं चाक वर उचलून धरा आणि दोन्ही हातांनी वर-खाली करा, टक् असा आवाज आला तर लिंकेज किंवा स्विंगआर्मची बेअरिंगं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगची बेअरिंगं गेली. फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलसुद्धा महिन्याभरात गळतील. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकलेत का, आरे ढिले आहेत का, रेडिएटर एका बाजूला दबलाय का. पाईपला एखाद-दुसरा पोचा असेल तर काही नाही, ट्रेलवर चाललेल्या गाडीला तो असणारच, उलट अठरा वर्षं जुन्या बाईकचा पाईप एकदम गुळगुळीत असेल तर मी विचारतो का बदलला. हँडलच्या नळीखाली फ्रेमवरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवा, खरवडलेला वाटला तर तिथेच थांबा. मोटोक्रॉस बाईक बंद ट्रॅकसाठी बनवलेली असते, रस्त्यावर चालवायचे कागद बऱ्याचदा नसतातच, तुमचा ट्रेल जिथे आहे तिथपर्यंत ती कशी न्यायची हे आधी ठरवा.

मालकाला विचारायचा एक प्रश्न, मी तो अगदी सहज विचारतो, "पेट्रोलमध्ये ऑईल किती टाकता?" उत्तर पटकन आलं पाहिजे. चाळीसला एक, बत्तीसला एक, पन्नासला एक, काहीही असो, पण आकडा पाहिजे आणि ऑईलचं नाव पाहिजे. चाळीसला एक म्हणजे ५ लिटरला १२५ मिली, जो माणूस हे दरवेळी मापाने टाकतो तो बाकीही सगळं मापानेच करतो. "अंदाजे टाकतो" म्हणाला की मी पाईप अजून बारकाईने बघतो. जास्त ऑईल टाकलं म्हणजे इंजिन जास्त सुरक्षित असंही नाही, ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं. जुन्या यामाहा डीटीसारख्या ऑईल पंपाच्या गाडीत पंप चालतोय की काढून टाकलाय हेही विचारा, नाहीतर टाकीत साधं पेट्रोल भरून निघाल आणि काही किलोमीटरवर इंजिन जाम.

माझी आत्ताची २०० मी अशाच एका माणसाकडून घेतली. प्लास्टिकं उन्हाने फिकी पडून गुलाबी झालेली, सीटला टाका मारलेला, फोटो बघून कुणी फोनसुद्धा केला नव्हता त्यांना. पण एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, किती तासाला पिस्टन टाकला, किती तासाला रिंगा, क्रँकचे सील कधी, मेन जेट उन्हाळ्यात कुठली आणि थंडीत कुठली. फिल्टर ओला, निळ्या फिल्टर ऑईलने एकसारखा भिजलेला, आणि फिल्टर बसतो त्या कडेला ग्रीस लावलेलं. धूळ आत गेली तर टू-स्ट्रोकच्या रिंगा बघता बघता संपतात, आणि त्या काकांनी ती कड अशी ग्रीस केली होती की बोट फिरवल्यावर एक कण लागला नाही. मी भावसुद्धा फार केला नाही. सात वर्षं झाली, त्याच झाकणावर त्यांच्या अक्षराखाली आता माझं अक्षर आहे.

घरी आणल्यावर, मालक कितीही चांगला असला तरी, माझं ठरलेलं आहे. गिअर ऑईल नवं, प्लग नवा, फिल्टर धुऊन परत ऑईल, कार्ब उघडून साफ, लिंकेज असेल तर सगळं उतरवून ग्रीस, आणि क्रँक सील कधी बदलले ते माहीत नसेल तर पहिल्या मोठ्या राईडच्या आधी बदलायचे, दोन्ही. डावा बहुतेक गाड्यांत केस न उघडता निघतो. आणि टू-स्ट्रोक नवीन असेल त्याच्यासाठी, लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी इंजिनावर सोडायची नाही, पेट्रोल आत गेलं नाही तर ऑईलही जात नाही, मध्ये मध्ये क्लच दाबून थोडी रेस द्यायची.

मामेभावाला सकाळी फोन केला. त्या १२५ च्या मालकाला त्याने विचारलं होतं एक्झॉस्ट काढून बघू का, तर उत्तर आलं की इंजिन एकदम ओके आहे, उघडायची गरज नाही. ती सोडली. दुसरी एक केडीएक्स २०० सापडलीय त्याला, फोटोत एक मडगार्ड तुटलेलं आहे आणि टाकीचा रंग गेलाय. रविवारी दोघं जातोय बघायला, मी स्प्रिंगचा आकडा आणि कार्ब क्लीनर बॅगेत टाकलाय, आणि त्याने मालकाला सांगून ठेवलंय की आम्ही येईपर्यंत चालू करू नका.